निळा डबा नांदेना

रत्नदीप थूलने नवा कॉम्प्युटर घेतला तो २००६ च्या मार्चमध्ये, आणि पुलगावात त्याच्या गल्लीत ती बातमी लग्नाच्या बातमीसारखी पसरली. लोक पाहायला आले. पातळ, काळा मॉनिटर बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, "याचं मांगचं पोट कुठं गेलं?" आता कॉम्प्युटरला पोट नसतं, असं रत्नदीपने मोठ्या कौतुकाने सांगितलं आणि प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला.

घराच्या मागच्या खोलीत त्याचं 'दीप ऑडिओ' होतं. भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम आणि पोती ठोकलेली, खिडकी विटा लावून बुजवलेली. ऑटोवरून फिरणाऱ्या जाहिराती तो तिथे रेकॉर्ड करायचा. साड्यांचा सेल, सर्कस, नगरपालिकेची निवडणूक, जे येईल ते. पण जीव ओतून तो एकच काम करायचा. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी वडिलांचं नवं गाणं रेकॉर्ड करून त्याच्या सीडी काढायच्या. त्याचे वडील लहानूजी कापड मिलमधून निवृत्त झालेले. लूमच्या खडखडाटात चार माणसांपलीकडे ऐकू जावा म्हणून घडलेला त्यांचा आवाज उतारवयातही तसाच खणखणीत होता. जयंतीला लहानूजींचं गाणं वाजलं नाही तर पुलगावपासून देवळीपर्यंतच्या वस्त्यांतून विचारणा व्हायची, की म्हातारा बरा आहे ना.

आणि ते गाणं ज्याच्यातून कॉम्प्युटरमध्ये जायचं तो एक निळा डबा होता. नागपूरच्या एका बंद पडणाऱ्या स्टुडिओतून रत्नदीपने तो आणला होता. डब्याला चार माईक लावायची चार भोकं, मागून बोटाएवढी जाड वायर, आणि त्या वायरच्या टोकाला कॉम्प्युटरच्या आत बसवायचं कार्ड. गायक, ढोलकी, पेटी, कोरस, चौघांचे आवाज वेगवेगळे धरायचा. जुन्या कॉम्प्युटरवर तो सहा वर्षं निमूट राबला. तो जुना कॉम्प्युटर मात्र पिवळा पडलेला, पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. वर्ध्याचा कॉम्प्युटरवाला स्वप्निल नवा बसवायला आला तेव्हा जाताना तो बदल्यात घेऊनही गेला.

"डबा याच्यावर चालते ना? विचारलं का?" रत्नदीपच्या बायकोने, मेघाने, स्वप्निलचा ऑटो वळायच्या आत विचारलं. ती पोस्टात कामाला होती आणि पावती हातात आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसे.

"अवं, भोक तेच, कार्ड तेच. चालाले काय झालं?"

कार्ड भोकात बसलं, इथपर्यंत तो बरोबर होता. डब्यावरचा हिरवा दिवाही लागला. नव्या कॉम्प्युटरने नवीन काहीतरी सापडल्याचं मोठ्या अदबीने जाहीर केलं आणि त्याची सीडी मागितली. रत्नदीपने डब्यासोबत आलेली, ओरखडे पडलेली सीडी घातली. कॉम्प्युटरने ती चाटूनपुसून पाहिली आणि म्हणाला, हे माझ्यासाठी नाही. रत्नदीपने कार्ड काढून पुसून पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. शेवटी त्याने डबा उचलून आपटायला घेतला, तेव्हा मेघाने तो हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी स्वप्निल आला. दोन तास त्याने कीबोर्ड बडवला. मग जवळच्या नेटकॅफेत जाऊन आला आणि तोंड पाडून म्हणाला, "भाऊ, डब्याची कंपनीच बंद झाली. याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजचाच हाय. नव्यासाठी कोनी बनवलाच नाई."

"ड्रायव्हर नाई म्हंजे?"

"म्हंजे डबा मराठीत बोलून राह्यला अन् कॉम्प्युटरले समजते तमिळ. मंधात दुभाषी नाई."

"मंग याच्यातच जुनं विंडोज टाक ना."

स्वप्निलने तेही करून पाहिलं. नव्या यंत्राला जुनं विंडोज म्हणजे धिप्पाड माणसाला पोराचा सदरा. एवढी मेमरी त्या विंडोजला झेपेना, मॉनिटर ओळखता येईना. स्क्रीनवर लहान मुलांच्या रंगपेटीतले मोजके रंग उमटले, एक खिडकी उघडली आणि सगळं जे गोठलं ते बटण दाबूनच विझवावं लागलं. स्वप्निलने मुकाट्याने होतं तसं करून दिलं आणि चहा न घेता गेला.

मग रत्नदीपने डबा बाजूला ठेवून एकच माईक थेट कॉम्प्युटरच्या मागे खुपसला. लहानूजींना उभं केलं. लहानूजींचे मिलमधले दोस्त रूपराव ढोलकी घेऊन बसले. पेटीवाला गेल्या वर्षीच गाव सोडून गेला होता. नवं गाणं होतं :

*उजेड आला दारामंधी, उठ वं माय, पाह्य वं*
*शाळेच्या त्या पायरीवर माह्या लेकीचा पाय वं*

गाऊन झाल्यावर लहानूजींनी कानाला हेडफोन लावला. थोडा वेळ ऐकलं.

"हा कोन गाऊन राह्यला?" त्यांनी विचारलं.

"तुमीच ना, बाबा."

"याले पडसं झालं का? अन् हा कोंबड्याच्या खुराड्यात काऊन बसला?"

रूपरावांनीही हेडफोन लावून पाहिला. "माही ढोलकी कुठं हाय याच्यात?" ते म्हणाले. "कोनीतरी डालडाचा डबा बडवून राह्यलं हे."

लहानूजींनी हेडफोन खाली ठेवला. रागावले नाहीत. तेच रत्नदीपला जास्त लागलं. "यंदा राहू दे," एवढंच बोलून ते अंगणात जाऊन बसले.

संध्याकाळी मेघाने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "जुना कॉम्प्युटर कोनाकडे गेला?"

रत्नदीपने स्वप्निलला फोन लावला. पलीकडे स्वप्निल बराच वेळ अडखळला. मग म्हणाला, "वर्ध्यातच हाय, भाऊ. प्रभाकररावाकडे. ते… कॉम्प्युटर पत्रिकावाले."

रत्नदीपने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. लहानूजी छप्पन सालच्या दीक्षेला नागपूरला आपल्या बापाचं बोट धरून गेलेले. घरात पंचांग नाही, मुहूर्त नाही. रत्नदीप-मेघाचं लग्न लागलं ते भर पितृपक्षात, तेही मुद्दाम, कारण तेव्हा हॉल रिकामा मिळतो आणि लोकांना धडाही मिळतो. अशा माणसाचं गाणं अडकलं होतं ज्योतिष्याच्या टेबलावर.

"परत मागून आना," मेघा म्हणाली. "नवा त्याले द्या, जुना आना."

असा सौदा जगात कोणी केला नसेल, पण रत्नदीप तो करायला पॅसेंजरने वर्ध्याला गेला.

प्रभाकररावांचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला होतं. आत नवग्रहांचं मोठं चित्र, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि टेबलावर, डोक्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर गणपती घेऊन, रत्नदीपचा जुना कॉम्प्युटर घरघरत बसला होता. रत्नदीपला माहेरी आलेल्या माणसासारखं भरून आलं. प्रभाकरराव साठीचे, गोल चेहऱ्याचे, बोलायला मोकळे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नवा देऊन जुना मागता?" ते चष्मा काढून म्हणाले. "तुमची ग्रहदशा पाहायला हवी."

"त्याची गरज नाई, साहेब. मले दशा दिसूनच राह्यली."

प्रभाकरराव खळखळून हसले. पातळ मॉनिटरचं नाव ऐकून त्यांचे डोळे चमकलेही. पण मग त्यांनी मान हलवली. "माझीही तीच गत आहे हो. हा पत्रिकेचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरच चालतो. ज्याने बनवला तो माणूस अमेरिकेला गेला. स्वप्निलने माझ्यासाठी मुद्दाम जुनं यंत्र शोधलं, ते हे. हे गेलं की वर्ध्यातली अर्धी लग्नं अडली समजा."

दोघे त्या पिवळ्या डबड्याकडे बघत बसले.

"इथेच येऊन करा ना रेकॉर्डिंग," प्रभाकरराव अचानक म्हणाले. "मंगळवारी दुकान बंद असतं. मला काही नको. फक्त ऑटोवर फिरवायला माझी एक जाहिरात करून द्या."

रत्नदीपने हात जोडले. "तेवढं सोडून काही सांगा. माह्या घरातून ते निघनार नाई."

प्रभाकररावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. रत्नदीपला वाटलं, संपलं. पण त्यांनी कपाटावर बोट दाखवलं. कापडात गुंडाळलेली पेटी होती. "मग पेटी मी वाजवीन. कॉलेजात गॅदरिंगला वाजवत होतो. त्यानंतर कोणी सांगितलंच नाही."

सौदा ठरला. आता फक्त लहानूजींना सांगायचं उरलं, आणि तेच रत्नदीपच्याने होईना. तो घरी येऊन म्हणाला, "बाबा, वर्ध्याले एका ऑफिसात सोय झाली. मंगळवारी जाऊ."

"कायचं ऑफिस?"

"कॉम्प्युटरचं."

मेघाने स्वयंपाकघरातून डोळे वटारले. नंतर खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाली, "मामाजीले खोटं सांगू नका. उघडं पडते ते."

"खोटं कुठं? ऑफिसच तं हाय. बोर्ड उलटा करून ठेवा म्हून सांगतो त्याहिले फोनवर. अन् ते चित्रही झाकतीन."

मंगळवारी सकाळच्या गाडीने चौघे निघाले. निळा डबा मेघाच्या मांडीवर, घोंगडीत गुंडाळलेला. समोरच्या बाईने बाळ समजून "कितवा महिना?" विचारलं. "सातवं वर्ष," मेघा म्हणाली, आणि त्या बाई वर्ध्यापर्यंत पुन्हा बोलल्या नाहीत.

दुकानाशी पोचले. प्रभाकररावांनी शब्द पाळला होता. बोर्ड उलटा टांगला होता. पण त्या बोर्डाच्या पाठीवर त्यांच्या वडिलांच्या वेळचा जुना मजकूर होता, ऑइलपेंटने रंगवलेला, भला मोठा पंजा काढून. लहानूजी रस्त्यात थांबले आणि एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले.

"हात… पाहून… भविष्य… सांगितले… जाईल."

ते वळले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकड्यावर बसले. रूपराव ढोलकी घेऊन त्यांच्या शेजारी बसले, कारण जिथे लहानूजी तिथे ते. दारात प्रभाकरराव स्वागताला उभे होते, ते तसेच राहिले.

रत्नदीप बापासमोर उभा राहिला. "बाबा, तो आपला जुना कॉम्प्युटर आत हाय. दुसरा इलाज नव्हता."

"तुह्या कॉम्प्युटरचं मले काही सांगू नोको," लहानूजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. "मले इथं आनतो म्हून राग नाई. माह्या डोळ्यावर फडकं बांधून आनलं, त्याचा राग हाय. मी का लहान पोट्टा हो?"

"चुकलं, बाबा."

"मामाजी," मेघा पुढे झाली, "मी सांगतलं होतं याहिले. आता तुमी म्हनान तसं. परतीची गाडी दुपारी हाय."

लहानूजींनी चहा मागवला. बशीत ओतून सावकाश प्यायले. मग त्यांनी बशी ठेवली आणि दुकानाकडे पाहिलं.

"एक गोष्ट हाय, रूपराव," ते म्हणाले. "आपल्या वस्तीत गायलं तं ऐकनारे आपलेच. त्याहिले माहीतच हाय. गानं जिथं वाजाले पाह्यजे, ते दुकान तं हे हाय."

"मी कवाचा तयार हाव," रूपराव म्हणाले.

लहानूजी रस्ता ओलांडून दारात आले. "जय भीम."

"जय भीम, या ना, या," प्रभाकरराव गडबडून म्हणाले.

"पहिले तो बोर्ड सरळ करा. तुमाले तुमच्या दुकानाची लाज काऊन? अन् मले लपून गायचं नाई."

प्रभाकररावांनी स्वतः स्टुलावर चढून बोर्ड सरळ केला. आत आल्यावर त्यांनी नवग्रहांवरची चादरही ओढून काढली. लहानूजींनी नऊच्या नऊ ग्रह एकदा न्याहाळले आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून रत्नदीपने लावलेल्या माईकसमोर उभे राहिले.

रत्नदीपने गणपती आणि रुमाल उतरवून प्रभाकररावांच्या हातात दिले, कॉम्प्युटर उघडला, कार्ड बसवलं. यंत्र घरघरलं, खाकरलं, आणि काही न विचारता, कोणतीही सीडी न मागता डब्याशी बोलू लागलं. जुना ड्रायव्हर अजून आतच होता. तो कसा काढायचा हे प्रभाकररावांना माहीत नव्हतं, आणि स्वप्निलने आळस केला होता. हिरवा दिवा लागला. चारही माईकचे काटे नाचले. रत्नदीपने मेघाकडे पाहिलं. ती हसत होती, पण त्याच्याकडे बघून नाही, डब्याकडे.

आतल्या पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून कॉम्प्युटरला घोंगडी पांघरली. पहिल्या वेळी प्रभाकररावांची पेटी मागे राहिली. दुसऱ्या वेळीही.

"साहेब," लहानूजी थांबून म्हणाले, "तुमचे सूर बरोबर हायत. पन शनीसारखे चालून राह्यले. जरा लवकर या ना."

"चाळीस वर्षांनी हात लावतोय हो."

"मंग चाळीस वर्सं पत्रिका कायले काढल्या? पेटी वाजवाची होती."

तिसऱ्या वेळेची तयारी चालू असताना दार वाजलं. एक गृहस्थ दोन पत्रिकांचे कागद घेऊन उभे. मुलाकडचे संध्याकाळी येणार, गुण आजच जुळवून हवे. प्रभाकररावांनी दुकान बंद असल्याचं सांगितलं, गृहस्थ हलेनात. शेवटी प्रभाकररावांनी रत्नदीपला गयावया करून दोन मिनिटं कॉम्प्युटर मागितला, दोन्ही जन्मवेळा टाकल्या, छापायचा हुकूम दिला. प्रिंटर ढिम्म. "बिघडला वाटतं. बसा, गाणं झाल्यावर पाहू," ते म्हणाले. गृहस्थ खुर्चीवर टेकले.

"पोरगी काय करते?" लहानूजींनी त्यांना विचारलं.

"बी.एस्सी.ला आहे. दुसरं वर्ष."

"तिले विचारलं का, लग्न आता करतं का नंतर?"

गृहस्थांनी कागदांकडे पाहिलं. "ते… पत्रिका जुळली की विचारू."

लहानूजींनी रूपरावांना मान हलवून खूण केली आणि गाणं उचललं.

*उजेड आला दारामंधी, उठ वं माय, पाह्य वं…*

या वेळी पेटी बरोबर आली. मेघाचा कोरस वर चढला. ढोलकीवर रूपरावांचा हात असा पडत होता, की चहाच्या टपरीवरची माणसं काचेला नाक लावून उभी राहिली. दुसरं कडवं सुरू झालं आणि भात्याला जोर द्यायला प्रभाकररावांनी पाय सरसावला. तो टेबलाखालच्या बटणावर पडला. प्रिंटर बिघडला नव्हता, बंद होता. तो जागा झाला. खर्र-खट्, खर्र-खट्, खर्र-खट्!

इकडे रेकॉर्डिंग, तिकडे छपाई. ते म्हातारं यंत्र एवढं ओझं घेऊन कोणत्याही क्षणी गोठणार होतं. प्रभाकररावांचा चेहरा पांढरा पडला, पण बोटं थांबली नाहीत. लहानूजींनी डोळे उघडले. क्षणभर कान दिला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. त्यांनी गाण्याची चाल किंचित आवरली, खर्र-खट्वर ओळ बसवली. रूपरावांनी ते पाहिलं आणि ढोलकी तिथे आणून मिळवली. आता तो प्रिंटर त्यांच्यासोबत वाजत होता. शेवटची ओळ लहानूजींनी दोनदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली, आणि ते थांबले तेव्हा कागदही संपला.

कॉम्प्युटर गोठला नाही. रत्नदीपने फाइल सेव्ह होईपर्यंत श्वास सोडला नाही.

"पुन्हा करू," तो म्हणाला. "चारी माईकमंधी तो प्रिंटर शिरला."

"राहू दे त्याले," लहानूजी घाम पुसत म्हणाले. "या सगळ्यात एकटा तोच तालात होता."

खुर्चीवरच्या गृहस्थांनी छापलेला कागद फाडून घेतला. गुण पाहिले नाहीत. घडी करून खिशात ठेवला. दाराशी जाऊन पुन्हा वळले आणि विचारलं, "या गाण्याची सीडी कुठं मिळेल? मुलीला ऐकवतो म्हणतो."

जुन्या यंत्राला सीडी लिहायला जन्म लागायचा. तेवढ्यात प्रभाकररावांनी घरून पोहे मागवले, आणि ग्रहांचा माणसावर परिणाम होतो की नाही यावर ते आणि लहानूजी कडाडून भांडले. दुपारची गाडी चुकली. दोघांनाही त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

चौदा एप्रिलला पुलगावच्या चौकात गाणं वाजलं. लोकांनी ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. ते खर्र-खट् काय आहे यावर वाद झाले. कोणी म्हणे मुंबईचं नवं वाद्य, कोणी म्हणे रेल्वे. मिलमधल्या एका जुन्या सोबत्याने लहानूजींचा हात धरून विचारलं, "हा आपला लूमच हाय ना, लहानू? कुठून धरून आनला?" लहानूजींनी त्याला खरं सांगितलं. तो इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर वर्षभर रत्नदीप दर मंगळवारी वर्ध्याला जायचा. साड्यांचे सेल आणि सर्कशी नवग्रहांच्या समोर रेकॉर्ड झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात जुन्या यंत्राची हार्डडिस्क बसली. प्रभाकररावांनी फोनवर सांगितलं, "गेला हो आपला." दोघांनी थोडा वेळ शोक केला. मग स्वप्निलने एकाला नवा डबा विकला, दुसऱ्याला नवा प्रोग्रॅम, आणि दोन्हीकडे चहा घेऊन गेला.

नवा डबा छोटा, चंदेरी, बारक्या वायरचा. लावल्याबरोबर चालला. रत्नदीपने वडिलांना हाक मारली. लहानूजी नवं गाणं घेऊन आले, माईकसमोर उभे राहिले आणि रिकाम्या चौथ्या जागेकडे पाहून म्हणाले, "पेटी कोन वाजवीन?"

"बाहेरून बोलवू कोनाले. आता वर्ध्याले जायाची गरज नाई, बाबा."

"गरज तुह्या डब्याले नाई. मले हाय," लहानूजी म्हणाले. "त्या मानसाशी माहं भांडन अर्धं राह्यलं. फोन लाव. म्हन, सकाळच्या गाडीनं येजो, अन् पेटी विसरजो नोको."